पंपामागे पैसे

आमच्याकडे, अल्लीपुरात, फवारणीची मजुरी पंपामागे ठरते आणि सोयाबीन काढायचा हिशेब पोत्यामागे. वावरातल्या अपघातांचं मूळ मला तरी इथंच दिसतं. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त. मग वारा फिरला म्हणून थांबायला कोणाला परवडते?

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पऱ्हाटी त्या वर्षी पुरुषभर वाढलेली, हवा दमट, पंप बारीक तुषार उडवणारे आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. गडी फवारत होता की विषात न्हात होता, असा प्रश्न पडावा. त्यानंतर आमच्या वावरात पऱ्हाटी छातीच्या वर गेली की पाठीवरचा पंप बंद, आणि ज्याला त्याला रोजाने पैसे. यावर गावात बोलणी खाल्ली. “भाऊ, तुम्ही भाव बिघडवता.” बिघडवतो खरा.

रोज दिल्याने गड्याचा हात आपोआप जपून चालतो असंही नाही. नोझल तुंबलं की ते काढून तोंडानं फुंकायची सवय फार जुनी. रागावून ती सुटत नाही. आता प्रत्येक पंपाच्या पट्ट्याला दात घासायचा जुना ब्रश सुतळीनं बांधलेला असतो. हाताशी असला तर वापरतात. सुटून पडला तर फुंकतातच.

सोयाबीन काढायच्या थ्रेशरचं मात्र ब्रशावर भागत नाही. पेंढ्या ज्या पन्हाळीतून आत सरकवतात ती भारतीय मानकानुसार किमान 90 सेंटिमीटर लांब आणि निम्मी झाकलेली हवी, म्हणजे हात दातांपर्यंत पोचतच नाही. धोकादायक यंत्रांचा कायदाही 1983 चा आहे. गेल्या हंगामात मशीन आलं तेव्हा झाकणाचा पत्रा ट्रॉलीत पडलेला होता. त्याने पेंढी अडकते म्हणे. “काही होत नाही न भाऊ!” पत्रा बसल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू करू दिला नाही. पेंढ्या लावणाऱ्या पोराच्या गळ्यातला दुपट्टाही काढून धुऱ्यावर ठेवायला लावला.

त्या पोराच्या नावावर सातबारा नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत अपघातात एक हात गेला तर 1 लाख, मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात. पण खातेदाराला किंवा त्याच्या घरच्या एकाला. मशीनच्या तोंडाशी उभा राहणारा बहुतेक वेळा भूमिहीनच असतो.

मशीनवाल्याशी पोत्याऐवजी तासाच्या भावाचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, “तासानं घेतलं तर मी मुद्दाम हळू चालवतो म्हणून तुम्हीच बोंब माराल.” तेही खोटं नाही.