धुळें ते सोनगीर : एका पिकअपची परीक्षा

धुळें शहर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तेथील सरळ रेषेंतल्या, क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आठवत असतील. १८१९ सालच्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदारानें व्यापारी येऊन वसावे म्हणून ही आंखणी केली. तेव्हांपासून हें गांव रस्त्यावर जगत आलें आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर व सोलापूर-धुळें असे तीन मोठे मार्ग येथें मिळतात. रात्रीं अंथरुणावर पडलें कीं दूरच्या मालट्रकांची घरघर अजूनहि कानीं येते. माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराचा त्या घरघरीशीं आयुष्यांत कधीं संबंध आला नव्हता. गेल्या नवरात्रांत तो आला. आणि असा आला कीं, घरांतल्या पाटल्यांपर्यंत येऊन भिडला.

माझे धाकटे बंधू निवर्तल्यास सहा वर्षें झालीं. त्यांचे चिरंजीव एका वाहतूकदाराकडे हिशेब लिहीत असत. दुसऱ्याच्या गाड्यांचे हिशेब लिहितां लिहितां आपली एक गाडी असावी असें त्यांनीं मनांत घेतलें. कांदा नाशकास न्यावा, मिरची दोंडाईच्याहून आणावी, परततांना जें भाडें मिळेल तें घ्यावें, असा बेत. गाडी म्हणजे पिकअप : पुढें दोघां-तिघांची केबिन, मागें उघडा हौदा. सर्वांत मोठ्या हौद्याची गाडी सर्व खर्च धरून दहा लाख साठ हजारांस पडत होती. पेढी आठ लाख द्यावयास तयार होती, परंतु जामीन म्हणून माझी सही हवी होती. उरलेल्या रकमेसाठीं आमची भावजय एके दिवशीं दुपारीं माझ्यापुढें चार पाटल्या ठेवून म्हणाली, "मोठे भावजी, यांचे काय येतील तें तुम्हीच पाहा. मला त्यांतलें कळत नाहीं."

मला तरी कोठें कळत होतें! मी एवढेंच म्हटलें, "पाटल्या आधीं आंत ठेव. पहिल्यानें गाडी पाहूं."

२२ सप्टेंबर २०२५ या घटस्थापनेच्या दिवसापासून मालवाहू गाड्यांवरील वस्तुसेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला, म्हणून चिरंजीव तोंवर थांबले होते. ज्या गाडीची मूळ किंमत साडेसात लाख, ती पूर्वीं करासह नऊ लाख साठ हजारांस पडे, ती आतां आठ लाख पंचाऐंशी हजारांस पडूं लागली. पाऊणलाखाचा हा फरक लहान नव्हे. त्या आठवड्यांतच एके सकाळीं आम्ही दोघे निघालों. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरांत एकवीरा देवीचें दर्शन घेतलें. नदींत पावसाळ्याचें पाणी अजून होतें. घाटावर नवरात्राची गर्दी होती. तेथून आग्रा रस्त्यास लागलों.

पहिला मुक्काम विक्रीच्या दालनांत. भिंती कांचेच्या, फरशी आरशासारखी. विक्रेता तरुण व मर्यादशील होता. त्यानें दरवाजा लावून त्याचा आवाज ऐकविला, बसण्याच्या जागेचें कापड दाखविलें, पुढची चकचकीत जाळी दाखविली. मी किंमत विचारली. तो म्हणाला, "काका, महिना सतरा हजार चारशें फक्त." मी पुन्हां विचारलें, "एकूण किती?" तो म्हणाला, "पांच वर्षें, काका." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानें कागद पुढें केला. वाचकहो, सर्व गोष्टीचें मर्म येथेंच आहे, म्हणून हा हिशेब जरा पाहा. आठ लाख रुपये, दरसाल दर शेंकडा अकरा व्याज, साठ हप्ते. हप्ता सुमारें १७,४०० रुपये. एकूण फेड दहा लाख त्रेचाळीस हजारांवर. म्हणजे दोन लाख त्रेचाळीस हजार केवळ व्याज. त्यावर विमा, नोंदणी, रस्त्याचा कर, हौद्यावरचा सांगाडा आणि ताडपत्री हें सर्व निराळें. पाटीवर लिहिलेली किंमत व घरांतून जाणारा पैसा यांत किती अंतर असतें, हें मीं जन्मांत प्रथम मांडून पाहिलें.

दालनांतून निघून नगांवबारीकडे गेलों. तेथें चिरंजिवांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या अंगणांत तीन पिकअप उभ्या होत्या. अहिराणी वळणाच्या मराठींत ते म्हणाले, "मास्तर, गाडी वरून काय पाहतां? खालीं वांका." वयाचा विचार न करितां मी खरोखरच पोतें पसरून खालीं वांकलों.

त्यांनीं जें दाखविलें तें असें. हल्लींच्या बहुतेक मोटारींना निराळा सांगाडा नसतो. त्यांचें अंगच भार वाहतें. पिकअपचें तसें नाहीं. तिच्याखालीं पोलादाचे दोन लांब दांडे पुढून मागपर्यंत जातात व आडव्या तुकड्यांनीं जोडलेले असतात. म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. तिला चॅसी म्हणतात. यंत्र, केबिन, हौदा हीं सर्व तिच्यावर बसविलेलीं. मागच्या आंसावर पोलादी पाटे एकावर एक रचलेले; ओझें वाढलें कीं ते सरळ होतात, उतरलें कीं पुन्हां वांकतात. दरवाज्याचा आवाज, कापड, जाळी यांचा या कामाशीं कांहीं संबंध नाहीं. हौद्याच्या तळाचा पत्रा किती जाड, कोपऱ्यांचें वेल्डिंग सलग कीं ठिपक्याठिपक्यांचें, खालच्या बाजूस रंग पोंचला आहे कीं नाहीं, पाटे किती व कसे, हें पाहावें. भाजीचें व कांद्याचें पाणी झिरपून तळाचा पत्रा आधीं खातें, असें त्यांनीं गंजलेला भाग खरवडून दाखविलें. आम्ही शाळेंत स्थालीपुलाकन्याय शिकवीत असूं, कीं शिताची परीक्षा झाली म्हणजे भाताची झाली. गाडीस तो न्याय लागू पडत नाहीं. वरचें शीत शिजलेलें असलें तरी तळाचें पाहावेंच लागतें.

तिसऱ्या गाडीपाशीं मिस्त्री थबकले. केबिनच्या मागें चॅसीच्या दांड्यास भेग पडली होती व ती जोडपट्टी मारून सांधली होती. मी म्हटलें, "लोखंड हलकें होतें काय?" ते म्हणाले, "लोखंड चांगलें होतें, मास्तर. हप्ता भारी होता." दीड-पावणेदोन टनांच्या गाडींत मालक तीन टन भरीत असे, कारण नियमाप्रमाणें भरून हप्ता सुटेना. २०१९ च्या कायदेदुरुस्तीनें जादा भारास वीस हजार रुपये दंड व जादा प्रत्येक टनामागें आणखी दोन हजार असें ठरविलें आहे. तरीहि माणूस भरतो, कारण दंड कदाचित् होईल, हप्ता मात्र नक्की येईल. भेग चौथ्या वर्षीं पडली. हप्ते पांच वर्षांचे होते. मी उठून उभा राहिलों, तेव्हां गुडघ्यांपेक्षां मन अधिक दुखत होतें. चिरंजीव कांहींच बोलले नाहींत.

पुढें एका टपरीवर चहा घेतांना त्यांनीं आपल्या फोनवर एक चित्र दाखविलें. तें अमेरिकेंतील मोठ्या पिकअपचें होतें. आमच्या बहिणीची नात टेक्सस संस्थानांत राहते, तिच्या अंगणांतली. फोर्ड कंपनीची ही जात १९४८ पासून चालत आली असून १९७७ पासून तेथें सर्वांत अधिक खपणारी पिकअप तीच आहे. लांबी सुमारें एकोणीस फूट, रुंदी आरशांवांचून साडेसहा फुटांच्यावर. २०१५ च्या नमुन्यापासून तिचें अंग पोलादाऐवजीं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. खालची शिडी मात्र पोलादाचीच ठेविली. साध्यांतली साधी गाडी चाळीस हजार डॉलरांच्या आसपास, म्हणजे आपले पस्तीस लाख; सजविलेली घ्याल तर याच्या दुप्पट. आणि ओझें? तें बहुतेक नमुन्यांत एक टनाच्या मागेंपुढें. आमच्याकडे १.७ टन वाहणारी पिकअप याच्या चतुर्थांशाहून थोड्या अधिक किंमतींत मिळते, हें ऐकून चिरंजीव चकित झाले.

हा फरक कां? तिकडे पुष्कळांच्या घरीं ती ओझ्याची गाडी नसून कुटुंबाची गाडी झाली आहे. पांच माणसें आरामांत बसतात, यंत्राची शक्ति आमच्या गाडीच्या चौपट वा अधिक. त्यांतच १९६४ पासून अमेरिकेनें परदेशी हलक्या मालगाड्यांवर शेंकडा २५ जकात बसविली. स्पर्धा रोखली गेली आणि भाव चढे राहण्यास तेंहि एक कारण झालें. परंतु न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, अपघातांत चालक वांचावा यासाठीं तिकडे जो खर्च करितात, तो सर्वच व्यर्थ नव्हे. आमची गाडी स्वस्त आहे याचा एक भाग असा कीं, चालकाच्या जिवासाठीं आपण कमी खर्च करितों. आपल्याकडेहि तशा थाटाची गाडी आहे. टोयोटाची हायलक्स २०२२ सालीं आली ती चौतीस लाखांच्या आसपास. ती शेतकऱ्यासाठीं नव्हे, हें सांगावयास नकोच.

आमची स्वस्त गाडीहि एका दिवसांत आलेली नाहीं. महिंद्रांची कंपनी १९४५ त निघाली व १९४७ पासून तिनें जीप जोडावयास आरंभ केला; पुढें मोटारी करणारी टाटांची कंपनीहि १९४५ चीच, आणि १९५४ पासून त्यांचे ट्रक जर्मन सहकार्यानें निघूं लागले. पुढें १९८६ त ४०७, २००५ त लहानगी एस, अशा गाड्या निघत गेल्या, तसतसें खेड्यांतल्या माणसास स्वतःच्या मालकीचें वाहन दिसूं लागलें. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. हवेस तें हितकर आहे, परंतु यंत्रांत विजेचीं उपकरणें वाढलीं, किंमत वाढली, आणि पूर्वीं जें काम रस्त्याकांठचा मिस्त्री पान्यानें करी, त्यासाठीं आतां संगणक लावावा लागतो. गाडी घेतांना दुरुस्तीचें ठिकाण किती जवळ आहे, हेंहि म्हणून किंमतींतच धरावें.

दुपारीं सोनगीरास पोंचलों. टेंकडीवर जुना किल्ला, पायथ्याशीं गांव, आणि गांवांत तांब्या-पितळेच्या भांड्यांची ठोकाठोक. माझा एक जुना विद्यार्थी तेथें तांबटकाम करितो. त्याच्या दारांत अकरा वर्षांची पिकअप उभी होती. रंग उडालेला, एक दिवा निराळ्या जातीचा. त्यानें आमच्यासमोर दोन घागरी ठेविल्या. दोन्ही सारख्याच चकचकीत. बोटानें टिचकी मारली. एकीचा नाद लांबत गेला, दुसरीचा तेथेंच विरला. "सर, दुसरी पातळ आहे," तो म्हणाला, "पण पातळ घागरहि वाईट नाहीं. तिच्यांत पाणीच भरावें, धान्य कुटूं नये."

मग त्यानें गाडीची हकीगत सांगितली. कर्ज निम्म्याहून कमी काढलें, तीन वर्षांत फेडलें. कागदांत लिहिल्याहून अधिक ओझें कधीं घातलें नाहीं. तळाचा पत्रा एकदां बदलला, पाटे दोनदां. चॅसी जशीच्या तशी. मीं पुन्हां पोतें मागितलें व खालीं वांकून पाहिलें. गंज होता, भेग नव्हती.

परततांना चिरंजीव गाडी चालवीत होते; दोन्ही बाजूंस कपाशी व कापणीस आलेली बाजरी. लळिंगचा किल्ला दूर दक्षिणेस धूसर दिसूं लागला, तेव्हां ते आपण होऊन म्हणाले, "काका, लहान हौद्याचीच घेऊं. खेपा दोन जास्त होतील." मीं विचारलें, "आणि मोठीचें काय?" ते म्हणाले, "मोठी घेतली तर मलाहि तीन टन भरावे लागतील. मी हिशेब लिहीत होतों ना. कोण कां भरतो तें मला माहीत आहे."

त्या रात्रीं पाटीवर नवा हिशेब मांडला. लहान गाडी सर्व खर्चासह नऊ लाख चाळीस हजार. चिरंजिवांची शिल्लक एक लाख चाळीस हजार. माझ्या भविष्यनिर्वाह निधींतले तीन लाख. कर्ज पांच लाख, मुदत तीन वर्षें. हप्ता १६,४०० च्या आंत, म्हणजे मोठ्या गाडीच्या पांच वर्षांच्या हप्त्याहूनहि कमी. व्याज नव्वद हजारांच्या आंत. शिवाय ज्या मालगाडीचें भारासह एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नाहीं, तिला परवाना लागत नाहीं. आमची गाडी त्या मर्यादेंत बसते. जामिनाच्या कागदावर मीं सही केली. माझे तीन लाख आमच्या घरच्या म्हातारपणाची ठेव होती, हें सौभाग्यवतीस ठाऊक होतें. ती म्हणाली, "एकत्र घर म्हणतों तें कशासाठीं?" आणि विषय मिटला.

दसऱ्यास गाडी दारांत आली. भावजयीनें ओंवाळलें, हौद्यास आपट्याचीं पानें वाहिलीं. निरांजन धरलेल्या तिच्या हातांत चारी पाटल्या होत्या. चिरंजिवांनीं केबिनच्या आंत, चालकाच्या डोळ्यांसमोर, खडूनें एक आंकडा लिहून ठेविला आहे : १,३०० किलो. पुसट झाला कीं ते तो पुन्हां गिरवितात.