मोरीतला दगड

आमच्या मोरीजवळ एक दगड होता. वीतभर लांब, तीन बोटं रुंद, वापरून वापरून मध्ये खळगा पडलेला. विळी बोथट झाली, अडकित्ता चालेना, की हीसुद्धा आणि तिच्या आधी आईसुद्धा तो दगड पुढे ओढायची. पन्नास वर्षं तो घरात होता, पण तो कसला आहे, कुठून आला, हे कधी कुणी विचारलं नाही.

विचारलं ते भाच्याने. गेल्या दिवाळीत तो आला होता. त्याला जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याने दाढी करायचा नाद आहे. हात धुता धुता म्हणाला, "मामा, हा दगड नीट घासून धू बरं जरा." धुतल्यावर शेवाळ आणि तेलाचा थर गेला आणि आम्ही बघतच राहिलो. वरचा भाग सायीसारखा पिवळट, खालचा जांभळट निळा. एकाच दगडात दोन रंग. "बेल्जियमचा असला तर पुष्कळ पैसे येतील मामा," असं म्हणून तो गेला पुण्याला. माझी मात्र झोप उडवून गेला.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. दगडांतलं मला काय कळणार? पण रिकामपण भरपूर, म्हणून वाचायला लागलो. वस्तऱ्याला लागतो तो अगदी बारीक पोताचा दगड, आणि असे दगड जगात मोजक्या ठिकाणीच निघतात. जर्मनीतल्या थुरिंगियात पाटीच्या जातीचा, अमेरिकेत आर्कान्सासला गारेच्या जातीचा, जपानात क्योटोजवळ आणखी वेगळा. बेल्जियममध्ये आर्देन्सच्या डोंगरात व्हीलसाल्म नावाचं गाव आहे, तिथे पिवळ्या दगडाच्या पातळ शिरा निळ्या पाटीच्या दगडात सापडतात. त्याला कोटिक्युल म्हणतात. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातून पाटा-वरवंटा होतो, पण वस्तऱ्याचा निसणा होत नाही. म्हणजे दगड बाहेरचा, एवढं नक्की.

मग एकेक शक्यता खोडायला बसलो. पाण्याचा थेंब टाकला, तो तसाच राहिला, जिरला नाही. दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दगड पाणी पितो, शिवाय तो सगळीकडे एकसारखा दिसतो. हा तसा नव्हता. व्हिनेगरचा थेंब टाकला, फेस आला नाही, म्हणजे चुनखडी नाही. दोन थरांमधली रेघ भिंगातून पाहिली. सरळ असती तर दोन तुकडे चिकटवलेत असं म्हटलं असतं, पण ती नदीच्या काठासारखी वळणावळणाची होती. निळा भाग ओला केला तर लहानपणच्या दगडी पाटीचा वास आला. त्या वासाला मी चुकणं शक्य नाही!

शेवटी वजन. काट्यावर दगड भरला ५८८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याने पाण्यात असा लोंबता धरला की तळाला टेकणार नाही. आकडा आला १९५. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा दगड तिप्पट जड. साधा पाटीचा दगड पावणेतीन पटीच्या आसपास असतो, गारेचा त्याहून हलका. कोटिक्युल जड असतो, कारण त्यात गार्नेट नावाच्या खनिजाचे कण ठासून भरलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारीक, आणि बरेचसे गोलसर. त्यामुळे पोलाद घासलं जातं, पण खोल ओरखडे उठत नाहीत. पिवळ्या बाजूवर पाणी घालून जुना चाकू फिरवला. दुधासारखं पाणी हळूहळू करडं झालं. आता मला शंका उरली नाही.

आनंदाने दगड पुसायला घेतला आणि कोपऱ्यातल्या टवक्यावर बोट गेलं. तेव्हा आठवलं.

१९७२चा दुष्काळ. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सुटीत घरी आलेला. आमच्या गावच्या न्हाव्यांना आम्ही मुलं तात्या म्हणायचो. ते संध्याकाळी आले, धोकटीतून हा दगड काढून अण्णांसमोर ठेवला आणि दोन पायल्या जोंधळे घेऊन गेले. मी तिथेच बसलो होतो.

हे मला ठाऊक होतं, मंडळी. मी विसरलो होतो असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. दगडाची किंमत कळेपर्यंत मला त्याचा मालक आठवायची गरजच पडली नव्हती, हे खरं.

तात्या केव्हाच गेले. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. त्याची दोन मुलं आता तालुक्याला सलून चालवतात. दगड घेऊन गेलो. त्याने भिंग मागितलं नाही की वजन केलं नाही. अंगठा फिरवला, टवका चाचपला आणि म्हणाला, "हा आमचा निसणा. आजा मुंबईला फोर्टातल्या सलूनमध्ये होता, तिथनं आणलेला."

मी म्हटलं, "अरे, मग कधी मागितला कसा नाहीस?"

"बाबा गेलता की. पुढच्या साली जोंधळे घेऊन गेलता तुमच्याकडं. अण्णा म्हणाले, राहू दे रे, कसला हिशोब धरतोस. जोंधळे परत पाठवले. दगडाचं कुणी काढलंच नाही. एवढं माफ केल्यावर मागायचं कसं?"

माझ्या वडिलांच्या त्या मोठेपणाची गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. मीही वर्गात सांगितली आहे. तिचा हा शेवट मला माहीत नव्हता.

"मग तात्यांनी काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्याच्या दगडावर लावायचा वस्तरा. गिऱ्हाईक म्हणायचं, तात्या, ओढतोय."

विळीने पडलेला खळगा मी बोटाने झाकायचा प्रयत्न करत होतो. त्याने तो पाहिला, पण बोलला काही नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याने दगड घासून सरळ केला होता. बराच झिजला, पण पिवळा थर बोटाच्या पेराएवढा शिल्लक होता. तात्यांचा वस्तरा त्याने त्यावर लावला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि मनगटावरचे केस उडवून दाखवले. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालून दाढी करतात आणि दर गिऱ्हाइकाला ते बदलतात. तेच योग्य आहे. या वस्तऱ्याला आता गिऱ्हाईक नाही.

मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "माझी कर."

त्याने हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती.

"नको मास्तर," तो म्हणाला. "उशीर केलास."