शिळें वेळापत्रक

महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतील प्रॉक्सी सर्व्हर सांभाळण्याचें काम आमच्याकडे आलें, तें आम्हीं हौसेनें मागून घेतल्यामुळें. इंग्रजीच्या अध्यापकास तें कोणी आपण होऊन दिलें नसतें. स्क्विड नांवाचा हा मध्यस्थ एकानें मागितलेलें पान आपल्याजवळ ठेवून घेतो आणि दुसऱ्यानें मागितलें कीं मूळ ठिकाणीं न जातां तेंच काढून देतो. त्याचा हा काटकसरी स्वभाव आम्हांस आवडला, व तो आणखी वाढवावा अशी बुद्धि झाली.

ज्या पानांवर मुदत लिहिलेली नसते, तीं किती काळ ताजीं मानावीं हें 'रिफ्रेश पॅटर्न' या ओळीनें ठरतें. तिच्यांत तीन आंकडे असतात : किमान मिनिटें, वयाची टक्केवारी आणि कमाल मिनिटें. मूळच्या ०, २० टक्के, ४३२० यांपैकीं शून्याच्या जागीं आम्हीं ४३२० लिहिलें. तपासणीची आज्ञा दिली. एकही दोष निघाला नाहीं. व्याकरण शुद्ध पण अर्थ चुकलेला, अशीं वाक्यें आम्ही तीस वर्षें तपासीत आलों आहों. स्वतःचें वाक्य मात्र तसें दिसलें नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत एक विद्यार्थी तोंडी परीक्षेस एक दिवस उशिरां आला. "सर, ग्रंथालयांतल्या संगणकावर आजचीच तारीख आहे," असें तो म्हणाला. आम्हीं कार्यालयाच्या फलकावरील कालची तारीख दाखवून त्यास चार मुलांदेखत निष्काळजी म्हटलें.

सायंकाळीं मन राहवेना, म्हणून लॉग उघडला. सूचनांचें आमचें पान साध्या एचटीटीपीनें येतें, त्यामुळें तेंही साठ्यांत पडलें होतें. त्याच्या पत्त्यापुढें दोन दिवस 'टीसीपी हिट' हाच शेरा! कार्यालयानें तारीख एक दिवस अलीकडे आणली होती. पण ४३२० मिनिटें म्हणजे पुरे तीन दिवस. मुलानें वाचलें तें बरोबरच वाचलें होतें. शिळें पान आम्हीं वाढलें होतें.

शून्य जागेवर ठेवलें. वेळापत्रकासाठीं तिन्ही शून्यांची वेगळी ओळ सर्वांच्या वर घातली. कारण स्क्विड वरून खालीं वाचीत जी प्रथम जुळेल तीच मानतो. नवे नियम त्यास वाचावयास लावून पान मागितलें, तों लॉगमध्यें 'टीसीपी रिफ्रेश मॉडिफाइड' उमटलें. मूळ ठिकाणीं विचारणा झाली होती, आणि पान बदललेलें निघालें होतें.

दुसऱ्या दिवशीं त्याच चार मुलांसमोर आम्हीं आपली चूक सांगितली व त्याची परीक्षाही घेतली. यंत्रास मुळाशीं जाऊन विचारावयास लावणें एका शून्यानें साधलें. मुलास दोषी ठरविण्यापूर्वीं तसेंच विचारावयास आम्हांस कोणीं अडविलें होतें?