पंचावन्न शत्रू

महामार्गाचे चौपदरीकरण हातखंब्याच्या तिठ्याशी येऊन भिडले, तेव्हा रस्त्याकडेच्या अनेक टपऱ्यांबरोबर एका भंगारवाल्याची शेडही हलली. मालाची विल्हेवाट लावताना त्याने अगदी आतल्या कोपऱ्यातून एक पुरुषभर उंचीचा लाकडी खोका ओढून काढला. 'आत ट्रान्सफॉर्मर आहे, तांबे चांगले निघेल,' एवढीच त्याची त्या वस्तूविषयीची शिफारस. मी वाकून पाहिले, तो धुळीने माखलेल्या काचेमागे एक अर्धपारदर्शक आरसा आणि त्यामागे रंगवलेला चंद्र! 'स्पेस इन्व्हेडर्स' हे नाव वाचण्याचीही मग गरज उरली नाही. तांब्याच्या भावाहून थोडे अधिक पैसे मोजून मी तो खोका टेम्पोत घातला.

तरुण वाचकांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जपानमधील तैतो कंपनीने तो 1978 साली बाजारात आणला. तोमोहिरो निशिकादो या एकाच गृहस्थाने त्याचे यंत्र आणि त्याची आज्ञावली, दोन्ही रचली. आभाळातून अकरा-अकराच्या पाच रांगांनी, म्हणजे एकूण पंचावन्न, परके शत्रू खाली उतरत असतात आणि आपण चार बुरुजांच्या आडून त्यांच्यावर गोळ्या झाडावयाच्या. पडदा वास्तविक कृष्णधवल. रंगाचा भास व्हावा म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या. चित्र दाखवणारी नळी खोक्याच्या तळाकडे असते आणि आपण पाहतो ते तिचे आरशातील प्रतिबिंब. म्हणूनच ते शत्रू चंद्रावर अधांतरी तरंगल्यासारखे दिसतात. शाळकरी वयात मुंबईला सुटीत गेलो की एका रुपयाच्या टोकनावर हे युद्ध मी अनेकदा खेळलो, आणि नेहमीच हरलो. (या खेळात जिंकणे नाहीच. एक सैन्य संपले की दुसरे उतरते.)

या खेळाचे मर्म मला फार उशिरा कळले. शत्रू मरू लागले की उरलेल्यांचा वेग वाढतो. शेवटचा एकटा तर बाणासारखा धावतो. लहानपणी मला तो त्यांचा संताप वाटे. खरी गोष्ट निराळीच आहे. आतील इंटेलचा 8080 हा मेंदू इतका मंद, की पडद्याचे चित्र एकदा बदलते तेवढ्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, तो एकाच शत्रूला हलवतो. पंचावन्न जणांची एक पावली पुरी होण्यास जवळजवळ एक सेकंद लागतो. गडी कमी झाले की पाळी लवकर येते. यंत्राचे हे दौर्बल्य निशिकादोंनी झाकले नाही, तसेच राहू दिले, आणि त्या दौर्बल्यातूनच खेळाचा सारा थरार जन्मास आला.

दुरुस्तीसाठी मी पालीच्या एका वृद्ध कारागिरास गाठले. रेडिओ आणि टीव्ही यांच्या दुरुस्तीत त्यांचे आयुष्य गेलेले. पाठीमागचे दार उघडून त्यांनी आधी एक हात खिशात घातला आणि मग दुसऱ्याने तपासणी सुरू केली; पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही दाब साठलेला असतो, आणि दोन्ही हात आत घालणाऱ्याच्या छातीतून तो पार होऊ शकतो. बराच वेळ पाहून ते म्हणाले, 'सर, एक सांगू? आत एक लहानसा नवा काँप्युटर बसवा, पुढे सपाट पडदा लावा आणि मोकळे व्हा. खेळ तोच दिसेल.'

'आणि ही प्लेट, काका?'

'ही आज चालेल, उद्या रुसेल. तुम्ही किती वेळा मला बोलावणार, आणि मी तरी किती दिवस पुरणार?'

पुण्याहून कन्येचेही फोनवर हेच मत. आठ किलोबाइटांची ती सारी आज्ञावली आज कोणत्याही मोबाइलवर चालते. तो वेगवान मेंदू मात्र लगाम घालून जुन्याच्या चालीने चालवावा लागतो, नाहीतर सारे युद्ध डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच आटोपेल. अशा नकलांविषयी मला तिरस्कार नाही. पोथ्यांच्या नकला झाल्या नसत्या, तर आमच्या वाङ्मयातले फारसे काही हाती लागले नसते. परंतु नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावूनही ठेवले. फुगलेले कंडेन्सर बदलणे ही माझ्या मते पाठशुद्धी. नवा काँप्युटर बसवणे म्हणजे आपली ओवी घालणे. काकांना हा दृष्टांत कितपत पटला कोण जाणे; हसून त्यांनी सोल्डरची कांडी मात्र तापत ठेवली.

काम सात महिने चालले. वाळवीने खाल्लेला तळ सुताराने फणसाच्या फळीचा करून दिला. मेंदूला आणि स्मृतीच्या सोळा आयसींना अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच असे तीन प्रकारचे व्होल्ट लागतात. त्यांतील उणे पाच नाहीसे झाले आणि बाकीचे चालू राहिले, तर आयसी तापून मरण्याचा धोका; आणि आमच्या यंत्रात नेमके उणे पाचच लहरी निघाले. काकांनी ते सारे नव्याने बांधले. चित्र आले त्या संध्याकाळी, तीन वेळा खेळून तिन्ही वेळा हरल्यावर, मला मोबदला विचारण्याचेही भान राहिले नाही. तो काकांनीच आठवणीने मागितला, आणि मागितला त्याहून अधिक मी दिला.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात अशा यंत्राचा मुख्य शत्रू परग्रहावरून येत नाही. आमच्याकडे कपाटातील पुस्तके दमटू नयेत म्हणून आत विजेचा दिवा लावून ठेवतात; तसाच एक पिवळा बल्ब मी पावसाळाभर त्या खोक्यात जळत ठेवतो. आता तसले तारेचे बल्बही दुकानदारास मुद्दाम विचारावे लागतात. गेल्या आषाढात पडद्याच्या डाव्या भागात समान अंतरावर बारीक आडव्या रेघा उमटल्या. स्मृतीची एक आयसी गेली, हे काकांनी फोनवर नुसते वर्णन ऐकूनच सांगितले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असून शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे. तोवर मी रेघांसकट खेळतो, आणि सोल्डरची कांडी धरावयास शिकतो आहे.