आबांसाठी स्पीकर : लॅमिंग्टन रोडची एक फेरी

गेल्या महिन्यात आमच्या घरी भिशीचे नऊ हजार रुपये आले. नऊ हजार म्हणजे आमच्यासारख्यांच्या घरात लहान रक्कम नव्हे. मिक्सर कुरकुरत होता, मुलाला रंगीत दिव्यांचा मोठा पार्टी स्पीकर हवा होता. तरीही दोन रात्री चर्चा होऊन ठरले, की या पैशातून आबांना गाणी ऐकण्यासाठी दोन छोटे, चांगले स्पीकर घ्यायचे. त्याला कारण होते.

आबा लोअर परळच्या एका गिरणीत १९६८ पासून रिंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली. गिरणी सुटली तरी तिचा आवाज मात्र कानात राहिला. त्या खात्यात ९० डेसिबलच्या घरात आवाज असे, आणि कानात कापसाचा बोळा एवढेच काय ते संरक्षण. अशा आवाजात वर्षे काढली, की कानाची झीज आधी बारीक, उंच आवाजांच्या बाजूने होते, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, च, त, फ ही अक्षरे बारीक असतात, ती गळून पडतात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही.

आबांची कॅसेटींची एक पत्र्याची पेटी आहे. प्रल्हाद शिंदे आहेत, विठ्ठल उमप आहेत. रोज संध्याकाळी टू-इन-वन लावून ते दारात बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केले. विचारले तेव्हा म्हणाले, "आवाज येतो रे, पण काय गातोय तेच कळत नाही. मग कशाला वीज जाळायची?" आम्ही त्यांना नायर रुग्णालयात नेऊन कान तपासून घेतले, कानाचे मशीनही आले. माणसांशी बोलायला ते उपयोगी पडते. गाणे मात्र त्यातून पत्र्यासारखे वाजते, म्हणून गाण्याच्या वेळी ते काढून ठेवतात. आणि टू-इन-वनचा स्पीकर तर केव्हाच फाटलेला.

म्हणून एका शनिवारी आबा, आम्ही दोघे आणि आमची सहावीतली धाकटी असे चौघे निघालो. रविवारी लॅमिंग्टन रोडवर बहुतेक दुकाने बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दादरहून धीमी लोकल पकडली. प्रभादेवी गेले, लोअर परळ आले. आबा खिडकीतून टॉवर पाहत होते. जिथे चिमण्या होत्या तिथे काचा चमकत होत्या. ते काही बोलले नाहीत, आम्हीही काही विचारले नाही. पुढे महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड.

स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही जुनेच नाव घेतात. ऑपेरा हाऊसपासून मुंबई सेंट्रलकडे जाणारा हा रस्ता म्हणजे विजेच्या सुट्या भागांचा बाजार. वायर, पिना, सर्किट, रिमोट, मायक्रोफोन, स्पीकरचे नुसते कोन. ज्याचे नाव माहीत नाही अशी वस्तूसुद्धा हातात धरून दाखवली, की कोणीतरी बोट दाखवून दुकान सांगतो.

या परिसराचे आवाजाशी जुने नाते आहे. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी जवळच्या गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात लागला होता. त्याचे चित्रीकरण बरेचसे मध्यरात्रीनंतर करावे लागले, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात. दिवसा शांतता मिळत नव्हती. पुढे १९७५ मध्ये याच लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हाला 'शोले' लागला. मोठा पडदा आणि चहूबाजूंनी येणारा स्टीरिओ आवाज. पाच वर्षांहून अधिक काळ तो तिथे चालला. मिनर्व्हा आता राहिले नाही. आबांनी 'शोले' तिथेच पाहिला होता. जागा दाखवून धाकटीला म्हणाले, "नाणं पडलं ना, तर वाटायचं आपल्याच खुर्चीखाली पडलं." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने आमच्याकडे नीट न पाहताच एक भला मोठा डबा सुरू केला. छातीत धडधड व्हावी असा ठोका. "तीन हजार वॉट, साहेब." खोक्यावर बारीक अक्षरात पीएमपीओ असे लिहिले होते. वाचकांनी या चार अक्षरांपासून सावध राहावे. पीएमपीओ हा क्षणभराचा, कागदावरचा आकडा असतो, त्याला अर्थ नाही. स्पीकर सतत किती ताकद पेलतो हे पाहायचे तर आरएमएस वॉट विचारावेत. आणि वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो. दहा बाय बाराच्या खोलीला पंधरा-वीस वॉट आरएमएस पुरून उरतात.

धाकटीने घरून एक युक्ती केली होती. मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात किराण्याची यादी वाचून ठेवली होती. साबण, शेंगदाणे, चहापत्ती, तूरडाळ, फुटाणे, काडेपेटी. तिने दुकानातल्या मुलाला ती लावायला सांगितली. तो हसला, पण त्याने लावली. आबांनी कान पुढे केला आणि म्हणाले, "बाण... काहीतरी दाणे... पुढचं नाही कळलं." तिचा आवाज पिंपातून आल्यासारखा घुमत होता. आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

बाजूच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक दुरुस्तीचे दुकान होते. एक वयस्कर कारागीर सोल्डरिंग करत बसले होते. त्यांनी आबांना आधी खुर्ची दिली. किराण्याच्या यादीची हकिकत ऐकली आणि धाकटीला म्हणाले, "ताई, तू मोठ्या लोकांचं काम केलंस." मग त्यांनी सांगितले ते असे. १९७०च्या दशकात बीबीसी या ब्रिटिश रेडिओला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा लहान स्पीकर हवा होता. त्यांच्याच संशोधन विभागाने तो बनवला. नाव एलएस ३/५ए. उंची १२ इंच, रुंदी साडेसात इंच, खोली साडेसहा इंच. पुस्तकाच्या फळीवर मावेल एवढा. बीबीसीचे लोक स्पीकर पारखताना खोलीतल्या माणसाचा खरा आवाज आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज ताडून पाहत. कारण ठोका कोणालाही फसवू शकतो, पण ओळखीच्या माणसाचा आवाज बिघडला तर कान लगेच सांगतो.

त्यांनी आम्हाला दोन प्रकार समजावले. एका प्रकारात स्पीकर नुसते असतात, त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. पुढे वाढवायचे असेल तर तो बरा, पण खर्च दोनदा. दुसऱ्या प्रकारात अॅम्प्लिफायर एका स्पीकरच्या आतच असतो. प्लग लावला की झाले. मोबाईल, टीव्ही, जुना टेप, सगळे त्याला जोडता येते. आमच्या पैशात दुसराच बसत होता.

मग त्यांनी फळीवरची एक जोडी काढली. चार इंची वूफर, वर बारीक आवाजाचा छोटा रेशमी घुमट. बोटाच्या पेराने पेटीवर ठोकून दाखवले. दाबलेल्या लाकडी भुशाच्या पेटीचा आवाज भरीव येतो, पातळ प्लास्टिकचा पोकळ येतो. पोकळ पेटी गाण्यात स्वतःचा आवाज मिसळते. मागे ट्रेबल आणि बासची बटणे होती. "बास राहू द्या, ट्रेबल थोडा वर घेऊ," म्हणाले आणि आवाज मुद्दाम लहान ठेवला.

धाकटीची यादी सुरू झाली. आबांनी डोळे मिटले. "साबण. शेंगदाणे. चहापत्ती. तूरडाळ." थोडे थांबून, "फुटाणे की पुठ्ठे?" आणि मग, "काडेपेटी." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सहापैकी पाच, तेही कानाच्या मशीनविना. आठ हजार दोनशेला सौदा झाला.

घरी आल्यावर खरा अभ्यास सुरू झाला. मुलाने स्पीकर उत्साहाने लोखंडी कपाटावर ठेवले. गाणे सुरू होताच कपाट थरथरू लागले. मग ते पुस्तकांच्या फळीवर आणले, दोन्ही टोकांना एक एक. कारागिरांनी सांगितल्याप्रमाणे फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढले, मागच्या भोकाला श्वास घ्यायला जागा ठेवली. भिंतीला, त्यातून कोपऱ्याला चिकटवले, की बास फुगतो आणि शब्द त्याखाली दबतात. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. बारीक आवाजाचा घुमट आबांच्या कानाच्या उंचीला यावा म्हणून फळी एक खण खाली घेतली, आणि दोन्ही स्पीकरची तोंडे त्यांच्या खाटेकडे किंचित वळवली. दोन स्पीकरमधले अंतर आणि आबांपासूनचे अंतर साधारण सारखे ठेवले. या सगळ्याला एक पैसाही लागला नाही, पण फरक पडला तो इथेच अधिक.

वाचक बंधू-भगिनींनो, असे स्पीकर घ्यायला गेलात तर घरातला ओळखीचा आवाज सोबत न्या. आवाज लहान ठेवून ऐका, कारण मोठा आवाज दोष झाकतो. ज्याच्यासाठी घ्यायचे त्यालाच ऐकवा. दुकानदार घाई करू लागला तर बाहेर पडा. आणि ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्या. स्पीकर हा कानाचा इलाज नव्हे. तरुण मुलांनाही सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित, त्याहून मोठा असेल तर वेळ कमी करायला हवा. आबांना गिरणीत निवड नव्हती. आपल्या मुलांना आहे.

त्या संध्याकाळी टू-इन-वनची वायर नव्या स्पीकरना जोडली आणि पेटीतली एक कॅसेट लावली. टेप जुनी, थोडी खरखर होती. मुलाने सवयीने आवाज वाढवला. शेजारची मावशी दारात डोकावली. आबा खाटेवर पुढे सरकून बसले होते, ओठ हलत होते. मग हात वर करून म्हणाले, "अरे, कमी कर आवाज. कळतंय मला."