आम्ही की आपण?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अगं, आम्ही ठरवलंय, साताऱ्याचं घर विकायचं. तुझी सही लागेल. कधी येशील?"

मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला. पुढचे चार दिवस नुसती धुमसत होते. शेवटी नवऱ्याने विचारलं, "तुला घर विकायला नको आहे का?" तसंही नव्हतं. बाबा गेल्यापासून आई पुण्याला दादाकडे असते. मी इकडे हैदराबादला. बंद घराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. वाळवी, गळती, अंगणात कमरेएवढं गवत... विकणंच शहाणपणाचं होतं.

मग बिनसलं कुठे? खूप विचार केल्यावर लक्षात आलं, टोचला होता तो एकच शब्द. 'आम्ही'.

आपल्या मराठीत ही एक गंमत आहे. इंग्रजीत 'वुई' म्हटलं, हिंदीत 'हम' म्हटलं की समोरचा माणूस त्यात आहे की नाही हे संदर्भावरून ओळखायचं. आपल्याकडे तशी सोय नाही! 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तुम्ही चपला घालायच्या, 'आम्ही जेवायला जातोय' म्हटलं की दार लावून घ्यायचं. गुजरातीतही हा भेद आहे, 'आपणे' आणि 'अमे'. इथे शेजारच्या काकू तेलुगूत 'मनम्' म्हणतात तेव्हा त्यात मी असते, 'मेमु' म्हणतात तेव्हा नसते. म्हणजे बोलायला तोंड उघडलं की आधी ठरवावंच लागतं, समोरच्याला कुंपणाच्या आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. आणि हे आपण इतक्या सवयीने ठरवतो की ठरवलं हेही कळत नाही.

लग्न झाल्यावर मला हा धडा आमटीत मिळाला होता. आमच्या सासूबाई मूळच्या नांदेडच्या. मी पहिल्यांदा आमटी केली, आईसारखा गुळाचा खडा टाकला. त्यांनी एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत." आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. पण माझ्या घशाखाली घास उतरेना. ज्या घरात मी राहायला आले, त्या घराला त्या माझ्याशीच बोलताना 'आमच्याकडे' म्हणाल्या होत्या.

पुढे सात-आठ वर्षांनी एकदा खालच्या मजल्यावरच्या नवीन बाई आमटीची वाटी परत द्यायला आल्या. म्हणाल्या, "जरा गोडसर लागली." सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "हो, आमच्याकडे गूळ लागतो बाई आमटीत!"

शब्द तोच होता. 'आमच्याकडे'. पण या खेपेला मी त्याच्या आत उभी होते. इतका आनंद मला मंगळसूत्र घालतानाही झाला नसेल. :)

तर सांगायचं म्हणजे, दादाच्या 'आम्ही'ने मला माहेरच्या कुंपणाबाहेर काढलं असं वाटलं. कायद्याने मी आत होते. बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर, मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासूनच अशा घरात मुलीला मुलाइतका वाटा आहे. आई, दादा, मी, तिघांचा सारखा. म्हणून तर सही हवी होती. पण सहीपुरती आत आणि ठरवताना बाहेर? मनातल्या मनात दादाशी भांडायची सगळी वाक्यं तयार केली होती.

पाचव्या दिवशी आईशी फोनवर बोलत होते. ओघात म्हणाले, "आमच्याकडे यंदा पाऊस फार आहे. तुमच्याकडे?" आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प झाले.

हे 'तुमच्याकडे' कधीपासून सुरू झालं?

आठवत गेले तसं सगळं आठवलं. त्याच्या तीन वर्षं आधी दादाने फोन केला होता, "आपल्या घराची मागची खोली गळतेय, काय करूया आपण?" तेव्हा माझ्या मुलाची परीक्षा होती. मी म्हटलं होतं, "तुम्ही काय ते ठरवा रे, मला चालेल." त्यानंतर घरपट्टीच्या वेळी तेच, कंपाउंडची भिंत पडली तेव्हा तेच. मला वाटायचं, मी किती समजूतदार बहीण, कशात नाक खुपसत नाही! तो 'आपण, आपण' म्हणत होता आणि मी दर वेळी त्याच्या हातात 'तुम्ही' ठेवत होते. इतक्या 'तुम्ही'नंतर माणूस 'आम्ही' नाही म्हणणार तर काय म्हणणार?

मी लगेच दादाला फोन लावला. माफी वगैरे मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. नुसतं विचारलं, "दादा, आपण कितीला द्यायचं घर?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "तू ये आधी. आपण एकदा जाऊन राहू दोन दिवस, मग बघू."

गेलो. आईलाही नेलं. गवत काढलं, अंगणात स्टोव्हवर चहा केला. घर वाचलं वगैरे काही झालं नाही हं, दोन महिन्यांनी विकलंच.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी वकिलांनी खरेदीखत वाचून दाखवलं. 'लिहून देणार' म्हणून आम्हा तिघांची नावं एकाखाली एक, आणि पुढे सगळीकडे 'आम्ही'. आम्ही सदर मिळकत विकत आहोत, आम्हास रक्कम पोचली... त्या रुक्ष भाषेत मला रडू फुटलं. वकिलांना वाटलं, घर जातंय म्हणून. दादाने मात्र काही न बोलता रुमाल पुढे केला.

असो. दादा, हे तू वाचशीलच. वाचून झालं की फोन कर. आईच्या पंचाहत्तरीचं आपण अजून काहीच ठरवलेलं नाही.