रिग्ली फील्ड : एका क्रीडांगणाचा जीर्णोद्धार

शिकागो नगरीशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले ते याच शहरात. मुलाबाळांकडे तिकडे गेलेली आपली मंडळी बार्टलेट उपनगरातील जैन मंदिराचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाहीत. त्यांनी आणखी एक दिवस रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या क्रीडांगणासाठी राखून ठेवावा, अशी माझी शिफारस आहे. खेळाचे नियम ठाऊक नसले तरी चालेल. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धारात आठपट पुण्य, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा येथील जीर्णोद्धार पाहण्याची दृष्टी आपल्याजवळ आहेच.

या जागेचा जन्म व्यापारातच झाला. चार्ल्स वीगमन या उपाहारगृहांच्या मालकाने १९१४ मध्ये ती बांधली. पुढे ती विल्यम रिग्ली यांच्याकडे आली. रिग्लींची कथा आपल्या पेढ्यांवर सांगण्याजोगी आहे. १८९१ मध्ये ते साबण विकण्यासाठी शिकागोला आले. साबणाबरोबर ते बेकिंग पावडर भेट देत; लोक पावडरच मागू लागले, म्हणून त्यांनी पावडर विकायला घेतली. पावडरीबरोबर च्युइंग गम भेट देऊ केले, तर तेच अधिक लोकप्रिय ठरले! १९२६ पासून क्रीडांगणाला त्यांचे नाव आहे.

विटांच्या भिंतीवर पसरलेली हिरवी वेल आणि आत बसून माणसे हाताने आकडे बदलतात तो धावफलक, हे दोन्ही १९३७ चे. चेंडू वेलीत अडकला तर फलंदाजाला दोनच तळ मिळतात, असा येथील नियम आहे. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे आले ते थेट १९८८ मध्ये. तत्पूर्वी १९४१ मध्ये दिव्यांसाठी पोलाद घेतले होते. अमेरिका युद्धात उतरताच मालकांनी ते युद्धकार्याला देऊन टाकले.

मात्र वास्तू थकली होती. २००४ मध्ये वरच्या सज्जाचे काँक्रीटचे तुकडे खाली पडले आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळ्या बांधाव्या लागल्या. त्याच वर्षी महापालिकेने वारसा वास्तू म्हणून तिला संरक्षण दिले. म्हणजे जागा तशीच ठेवणे धोक्याचे आणि मनास येईल तसे बदलणे नियमबाह्य. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ व क्रीडांगण विकत घेतले. २०१३ मध्ये क्रीडांगण आणि लगतच्या परिसरासाठी ५० कोटी डॉलरची खासगी योजना जाहीर झाली. प्रत्यक्ष खर्च त्याच्या बराच पुढे गेला. बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेल्याने मला याचे नवल वाटले नाही. जुन्या बांधकामाचे अंदाजपत्रक भिंत उकलल्यावरच खरे होते.

काम २०१४ च्या हंगामानंतर सुरू झाले आणि पाच हिवाळे चालले. दुकान उघडे ठेवून दुकानाची दुरुस्ती करण्यासारखेच हे! २०१५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा मैदानामागील बाके अपुरी होती आणि स्वच्छतागृहांपुढे इतक्या रांगा लागल्या की संघाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

खेळाडूंच्या पूर्वीच्या खोल्या फार अडचणीच्या होत्या. आता लगतच्या चौकाखाली, जमिनीच्या पोटात, सुमारे ३०,००० चौरस फुटांची व्यवस्था आहे. वरून तिचा मागमूसही लागत नाही, हे मला विशेष आवडते. तेथील कपडे बदलण्याचे दालन वर्तुळाकार असून त्याचा व्यास ६० फूट ६ इंच, म्हणजे गोलंदाजापासून फलंदाजाच्या तळापर्यंतच्या अंतराएवढाच आहे. ती जागा २०१६ मध्ये खुली झाली आणि त्याच वर्षी शिकागो कब्ज संघाने १०८ वर्षांनी अजिंक्यपद जिंकले. श्रेय कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

जुने पोलादी खांब मात्र राहिले आहेत. खांबामागे बसणाऱ्याचा अर्धा सामना हुकतो. परंतु याच खांबांमुळे वरचा सज्जा मैदानाच्या इतका जवळ आहे. बिनखांबी स्टेडियममध्ये तो मागे सरकवावा लागतो. अडचण आणि जवळीक दोन्ही एकाच खांबावर उभी आहेत.

जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेजारच्या घरांच्या गच्च्यांवरून सामने दाखवण्याचा मोठा धंदा चाले. २००४ च्या करारानुसार गच्चीमालक उत्पन्नातील १७ टक्के संघाला देत. २०१५ मध्ये संघाने भव्य पडदे उभारले आणि काही गच्च्यांवरून दिसणारे मैदान झाकले गेले. मालक न्यायालयात गेले व हरले. पुढे अनेक गच्च्या रिकेट्स कुटुंबानेच विकत घेतल्या. कायद्याने सारे बरोबर असेल. भागीदाराच्या दारापुढे भिंत घालण्याचा हा प्रकार मला रुचत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकांची. एवढा खर्च करूनही त्यांना योग्य जागा मिळाल्या नाहीत, अशी तक्रार घेऊन २०२२ मध्ये केंद्र सरकारचा न्याय विभागच न्यायालयात गेला. २०२४ मध्ये समझोता झाला आणि संघाने त्या जागा सुधारण्याचे मान्य केले. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या पायऱ्या आठवून हा भाग मी दोनदा वाचला.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. लोकल रेल्वेच्या रेड लाइनवर ॲडिसन स्थानकात उतरले की क्रीडांगण समोरच दिसते. सामना नसतानाही मार्गदर्शकासह आत फिरता येते. सामना पाहायचाच असेल तर दुपारचा निवडावा, म्हणजे चोविहार सांभाळता येतो. आपल्याला चालेल असे खाणे आत फारसे मिळत नाही; खाऱ्या शेंगा मात्र भरपूर मिळतात.